नगरसेवक किती असावेत, हा आपलाच प्रश्न आहे

मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. नव्या सभागृहासाठी मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मधल्या जवळजवळ चार वर्षांत मुंबईत नगरसेवक २२७ असावेत की २३६, यावर मंत्रिमंडळात निर्णय झाले, अध्यादेश निघाले, कायदे बदलले, उच्च न्यायालयात याचिका झाल्या. आणि या सगळ्या काळात प्रत्यक्षात नगरसेवक किती होते? शून्य! सव्वा कोटी लोकांचा कारभार एक प्रशासक पाहत होता. नवी मुंबई आणि औरंगाबाद महापालिकांची मुदत तर २०२० मध्येच संपली होती. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असे भारतीय संविधानाचे कलम २४३-यू स्पष्ट शब्दांत सांगते. तरीही संविधानाची शपथ घेऊन सत्तेवर बसलेल्यांनी ते पाळले नाही. ज्या समाजाला बाबासाहेबांनी मताचा अधिकार मिळवून दिला, त्या समाजाने हे विसरून चालणार नाही.

परंतु आज मला याच्या पुढचा प्रश्न विचारायचा आहे. नगरसेवकांची, जिल्हा परिषद सदस्यांची, ग्रामपंचायत सदस्यांची संख्या ठरवतो कोण, कशाच्या आधारावर ठरवतो, आणि त्या संख्येत आपला हिस्सा कसा ठरतो? आपल्या चळवळीत उमेदवारीवर रात्ररात्र चर्चा होते. कोणाशी युती करायची यावर गट फुटतात. पण प्रभागाच्या रेषा आखल्या जात असतात तेव्हा आपला एकही कार्यकर्ता तिथे हजर नसतो. निवडणूक अर्धी तिथेच हरली जाते, हे आता समाजबांधवांनी समजून घेतले पाहिजे.

संख्येचे गणित

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ५ मध्ये नगरसेवकांच्या संख्येचा तक्ता आहे. तीन ते सहा लाख लोकसंख्येच्या शहराला किमान ६५ नगरसेवक, तीन लाखांच्या वर प्रत्येक १५ हजारांमागे एक जास्त, कमाल ८५. सहा ते बारा लाखांच्या शहराला किमान ८५, सहा लाखांच्या वर प्रत्येक २० हजारांमागे एक जास्त, कमाल ११५. त्यापुढे हा वाढीचा टप्पा ४० हजारांवर जातो. म्हणजे शहर जितके मोठे, तितका नगरसेवक दूर. तीन लाखांच्या शहरात साधारण ४,६०० माणसांमागे एक नगरसेवक आहे. बारा लाखांच्या शहरात तोच साडेदहा हजारांमागे एक होतो. मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ चा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे तिथली लोकसंख्या १ कोटी २४ लाख ४२ हजार आणि नगरसेवक २२७, म्हणजे जवळजवळ ५५ हजार माणसांमागे एक. लहान शहरातल्या माणसाच्या तुलनेत मुंबईच्या झोपडपट्टीतल्या माणसाचा नगरसेवकावरचा हक्क बारा पटीने पातळ झाला आहे. पाण्याचा नळ, गटार, शौचालय, दवाखाना यांसाठी महापालिकेच्या दारात सर्वांत जास्त कोणाला जावे लागते? ज्याच्या घरात हे काहीच नाही त्याला!

जिल्हा परिषदेची स्थिती वेगळी नाही. १९६१ च्या कायद्याने सदस्यसंख्या किमान ५० आणि कमाल ७५. सिंधुदुर्ग जिल्ह्याची एकूण लोकसंख्या २०११ मध्ये साडेआठ लाखांच्या आत होती. ५० सदस्य धरले तर एका सदस्यामागे १७ हजारही लोक येत नाहीत. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा ४५ लाखांच्या वर, त्यातला सुमारे ८० टक्के ग्रामीण. तिथे कमाल ७५ सदस्य दिले तरी एका सदस्यामागे ४८ हजार लोक येतात. लोकसंख्या आणि जागा यांचे प्रमाण शक्य तितके संपूर्ण राज्यात समान असावे, असे संविधानाच्या कलम २४३-सी चे परंतुक सांगते. सतरा हजार आणि अठ्ठेचाळीस हजार यांत कोणती समानता आहे?

संख्या वाढली, आपले काय वाढले?

२०२१ च्या अखेरीस महाविकास आघाडीच्या सरकारने मुंबईतल्या जागा २२७ वरून २३६ केल्या. पुढे जिल्हा परिषदांची मर्यादा ५५ ते ८५ केली. ऑगस्ट २०२२ मध्ये शिंदे-फडणवीस सरकारने हे सर्व फिरवून पुन्हा २२७ आणि ५० ते ७५ केले. मुंबईच्या बदलाविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळल्या. दोन्ही बाजूंनी लोकशाहीच्या गप्पा मारल्या. प्रत्यक्षात प्रत्येकाने आपल्या सोयीची रेषा कुठे पडते एवढेच पाहिले.

आपण मात्र आपला हिशेब मांडू. मुंबईत २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींची लोकसंख्या ८ लाख ३ हजार, म्हणजे ६.४६ टक्के. २२७ जागांत हे प्रमाण १४.६५ येते. अर्धा किंवा त्याहून मोठा अपूर्णांक पूर्ण धरला जातो, म्हणून जागा १५. आता २३६ जागांत तेच प्रमाण काढा. १५.२४ येते, म्हणजे पुन्हा १५! नऊ जागा वाढल्या, त्यांत आपल्या वाट्याला एकही आली नाही. ज्यांनी संख्या वाढवली त्यांनी आपल्याला काही दिले नाही, आणि ज्यांनी ती कमी केली त्यांनी आपले काही काढूनही घेतले नाही. तरीही दोन्ही वेळा आपलेच कार्यकर्ते दुसऱ्यांचे झेंडे घेऊन घोषणा देत होते.

याचा अर्थ संख्येला महत्त्व नाही असा नव्हे. लहान सभागृहात संख्या फार निर्णायक ठरते. दीड हजार वस्तीच्या गावाला सात सदस्यांची ग्रामपंचायत मिळते. तिथे अनुसूचित जाती सहा टक्के असतील तर वाट्याला ०.४२ येते, म्हणजे जागा शून्य. नव्वद माणसांचा बौद्धवाडा, आणि ग्रामपंचायतीत त्यांच्या हक्काची एकही खुर्ची नाही! त्याच गावाला नऊ सदस्य असते तर ०.५४ आले असते आणि एक जागा मिळाली असती. पाणवठा, स्मशानभूमी, गायरान, समाजमंदिर यांचे ठराव त्या खुर्चीशिवाय होतात. गावात राहिलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

पुणे कराराचा धडा

नुसत्या जागा मोजू नका, त्या जागांवर कोणाच्या मतांनी माणूस निवडून येतो ते पाहा, हा धडा आपल्याला १९३२ सालीच मिळालेला आहे. ब्रिटिश पंतप्रधानांच्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा दिल्या होत्या. त्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ होता, आणि सर्वसाधारण मतदारसंघातही मत होते. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने जागा १४८ झाल्या. आकडा दुपटीहून अधिक झाला! पण दुहेरी मत गेले, आणि शेवटचा निकाल सवर्ण मतदारांच्या हाती गेला. राखीव जागेवर आपल्याच जातीचा, पण त्यांच्या मर्जीतला माणूस कसा बसतो, हे गेली नऊ दशके आपण पाहत आहोत.

त्याही आधी, २७ जानेवारी १९१९ रोजी, साऊथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांचे म्हणणे हेच होते की, अस्पृश्यांचे प्रतिनिधी अस्पृश्यांतून आणि त्यांच्याच मतांनी आले पाहिजेत. सरकारने नेमलेले एखाददुसरे प्रतिनिधी त्यांना पुरेसे वाटत नव्हते. तेव्हा ते २७ वर्षांचे होते. आपण मात्र एवढ्या वर्षांनंतरही चार जागांच्या तिकिटांवर समाधान मानतो.

चार सदस्यांच्या प्रभागाचा सापळा

मुंबई सोडून इतर महापालिकांत प्रभागाचा खेळ कसा चालला आहे पाहा. २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ मध्ये एकसदस्यीय, २०१२ मध्ये दोन सदस्यांचा, २०१७ मध्ये चार सदस्यांचा. मग पुन्हा एकसदस्यीय करण्याचा निर्णय, २०२१ मध्ये तीन सदस्यांचा, २०२२ मध्ये परत चार सदस्यांचा. सरकार कोणत्याही पक्षाचे असो, मतदाराला कोणी विचारले नाही.

नागपूर हे आपल्या धम्मक्रांतीचे शहर. तिथे १५१ नगरसेवक आहेत, पण प्रभाग ३८. साडेचोवीस लाख लोकसंख्येला १५१ ने भागले तर एका नगरसेवकामागे सुमारे १६ हजार लोक येतात. चार सदस्यांच्या प्रभागात मात्र उमेदवाराला सुमारे ६५ हजार लोकांपर्यंत पोहोचावे लागते. समजा एका वस्तीत आपली सहा हजार माणसे एकजुटीने राहतात. १६ हजारांच्या वॉर्डात ती ३७ टक्के आहेत. उमेदवार त्यांना टाळू शकत नाही, कदाचित त्यांच्यातलाच माणूस निवडून येतो. ६५ हजारांच्या प्रभागात तीच माणसे जेमतेम नऊ टक्के होतात. नगरसेवकांची संख्या १५१ च राहिली, एकही जागा कमी झाली नाही, तरी वस्तीची ताकद चौथ्या हिश्श्यावर आली. पुण्यातही १६५ नगरसेवक आणि ४१ प्रभाग, म्हणजे एका प्रभागात सरासरी ८४ हजार लोक. एवढ्या मोठ्या प्रभागात प्रचार करायला पैसा लागतो, चारजणांचे पॅनल लागते, बिल्डर पाठीशी लागतो. झेरॉक्सच्या दुकानात पत्रके छापून सायकलवर फिरणारा कार्यकर्ता तिथे काय करणार?

कोणी म्हणेल, चारपैकी एक जागा राखीव असते ना? असते. पण त्या जागेसाठी प्रभागातला प्रत्येक मतदार मत देतो. अ, ब, क, ड अशा चार जागा, प्रत्येक जागेला एक मत. आपल्या चारही मतांचे वजन एका माणसामागे टाकता येत नाही. म्हणजे नव्वद टक्के मतदार ठरवतात की दहा टक्क्यांचा प्रतिनिधी कोण. हा पुणे कराराचाच लहान अवतार आहे.

बहुसदस्यीय मतदारसंघ मुळातच वाईट, असे बाबासाहेबांचे म्हणणे नव्हते. मतदानाची पद्धत काय, हा त्यांचा प्रश्न होता. १९३७ च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत बहुसदस्यीय मतदारसंघात एकत्रित मतदानाची पद्धत होती. मतदाराला जितक्या जागा तितकी मते, आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा. या पद्धतीचा आग्रह बाबासाहेबांनी धरला होता. त्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाचे बहुतेक उमेदवार निवडून आले. स्वातंत्र्यानंतर ही मुभा गेली. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईच्या उत्तर भागातल्या द्विसदस्यीय मतदारसंघात मतदाराला दोन मते होती, पण एका उमेदवाराला एकच देता येत होते. संविधानाचा शिल्पकार त्या राखीव जागेवर पराभूत झाला. पराभवाची इतरही कारणे होती. पण मतदानाची पद्धत बदलली की निकाल कसा बदलू शकतो, हे त्यावरून समजते.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे. एक तर सर्वत्र एकसदस्यीय लहान वॉर्ड करा. आणि चार सदस्यांचा प्रभाग ठेवायचाच असेल तर चारही मते एका उमेदवाराला देण्याचा अधिकार द्या. मग प्रभागातला एक पंचमांशाहून थोडा अधिक मतदार एकजूट राहिला तरी आपला एक माणूस निवडून आणू शकेल. ही विधिमंडळाच्या अधिकारातली गोष्ट आहे, त्यासाठी संविधान बदलावे लागत नाही.

जनगणनेचा रकाना

राखीव जागांची संख्या जनगणनेतल्या अनुसूचित जातींच्या आकड्यावर ठरते. २०११ मध्ये महाराष्ट्रात बौद्धांची लोकसंख्या ६५ लाख ३१ हजार होती. त्यांपैकी अनुसूचित जातीत नोंद झाली ५२ लाख ४ हजारांची. उरलेले १३ लाखांहून अधिक बौद्ध या गणनेत नाहीत. ते सगळेच पूर्वाश्रमीचे अनुसूचित जातीचे होते असे नाही. पण मोठ्या संख्येने लोकांनी धर्म बौद्ध सांगितला, जातीच्या ठिकाणीही बौद्ध सांगितले, आणि यादीत ते नाव नसल्याने गणनेबाहेर राहिले. हे सगळे धरले असते तर राज्यातले अनुसूचित जातींचे प्रमाण ११.८१ टक्क्यांवरून १३ टक्क्यांच्या जवळ गेले असते. ७५ सदस्यांच्या सभागृहात ११.८१ टक्क्यांना ९ जागा मिळतात, १३ टक्क्यांना १०.

मी स्वतः बौद्ध आहे. ज्या नावाच्या नरकातून बाबासाहेबांनी आपल्याला १९५६ मध्ये बाहेर काढले, ते नाव सरकारी कागदावर उच्चारताना जीभ अडखळते, हे मला ठाऊक आहे. माझ्या घरातही यावर वाद झाले आहेत. पण १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या त्या यादीतल्या जातीच्या नावावर मिळाल्या. धर्माच्या रकान्यात अभिमानाने बौद्धच लिहायचे, त्यात तडजोड नाही. जातीच्या रकान्यात यादीतले नाव लिहिणे ही आपली ओळख नव्हे, तो कायद्याने मागितलेला पुरावा आहे. केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना काढली. विहाराविहारांतून याची माहिती घराघरांत गेली पाहिजे.

हरकत कशी घ्यायची

काही वर्षांपूर्वी एका महापालिकेच्या प्रारूप प्रभाग रचनेवरील सुनावणीला मी वकील म्हणून हजर होतो. नाल्याच्या दोन्ही काठांवर वसलेली आपली एकच वस्ती दोन प्रभागांत चिरली होती. अनुसूचित जातींच्या वस्त्यांचे शक्यतो विभाजन करू नये, अशी निवडणूक आयोगाची सूचना असते. पण आपल्या माणसांनी शेवटच्या दिवशी दिलेल्या अर्जात एवढेच लिहिले होते की, आमच्यावर जाणूनबुजून अन्याय झाला आहे. प्रगणक गटांचे क्रमांक नाहीत, लोकसंख्या नाही, नकाशा नाही. अर्ज माझ्या हाती आला तेव्हा मुदत संपलेली होती. आमच्या आधी एक माजी नगरसेवक सर्वेक्षकाने काढलेला रंगीत नकाशा घेऊन आला होता. त्याचे वीस मिनिटे ऐकले गेले, आमचे तीन मिनिटे. आमची हरकत फेटाळली गेली. वस्तीतून आलेल्या बायका मजुरी बुडवून आल्या होत्या. बाहेर आल्यावर एकीने विचारले, "साहेब, आता कोर्टात जायचं ना?" त्यांना काय सांगावे हे मला सुचेना.

कारण संविधानाची कलमे २४३-ओ आणि २४३-झेडजी प्रभाग आखणीच्या कायद्याला न्यायालयात आव्हान देण्यावर बंधन घालतात. दार पूर्ण बंद नाही, पण फार अरुंद आहे. खरी लढाई हरकतींच्या मुदतीतच लढावी लागते. त्यातच मार्च २०२२ मध्ये राज्याने कायदा करून प्रभाग रचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून स्वतःकडे घेतले. ज्यांना निवडणूक लढवायची आहे तेच आता रेषा आखणार! हे अधिकार आयोगाकडे परत गेले पाहिजेत, ही आपली दुसरी मागणी असली पाहिजे.

काही सुशिक्षित मंडळी म्हणतात, नगरसेवक कमी केले तर खर्च वाचेल, भ्रष्टाचार थांबेल. चार वर्षे नगरसेवक एकही नव्हता, तेव्हा भ्रष्टाचार थांबला होता काय? नगरसेवकांच्या मानधनाने महापालिका बुडत नाहीत. टेंडरांनी बुडतात. गरिबाच्या जवळचा प्रतिनिधी काढून घेतल्याने टेंडरवाल्यांवरचा उरलासुरला पहारा तेवढा संपतो.

तेव्हा समाजबांधवांनी पुढच्या निवडणुकीची वाट पाहू नये. प्रत्येक वस्तीने आपल्या प्रगणक गटांचे क्रमांक आणि त्यांतली अनुसूचित जातींची लोकसंख्या आजच वहीत उतरवून ठेवावी. प्रत्येक तालुक्यात दोन-तीन शिकलेल्या मुला-मुलींनी प्रभागाचा, गटाचा, गणाचा नकाशा वाचायला शिकावे. प्रारूप रचना जाहीर झाली की पहिल्याच आठवड्यात आकड्यांसह हरकत जावी. आणि आपल्यातल्या गटागटांनी उमेदवारीसाठी भांडण्याआधी निदान या एका कामासाठी एका टेबलाभोवती बसावे. नकाशाला गट-तट कळत नाहीत. तो वस्ती चिरतो तेव्हा सगळ्याच गटांची वस्ती चिरली जाते.

बाबासाहेबांनी आपल्याला एक माणूस, एक मत, एक मूल्य दिले. मत अजून आपल्या हातात आहे. त्याचे मूल्य कुठल्या तरी कार्यालयात, नकाशावर, पेन्सिलीने कमी केले जात आहे. त्या टेबलासमोर आपण उभे राहिले पाहिजे.

जय भीम!